एकच साथ, वेगवेगळे निर्णय : २०२० मधील अमेरिकी कॉलेज कॉन्फरन्स आणि त्यांची संस्कृती

वळणवाट

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडा कॉन्फरन्सनी करोनाच्या साथीबाबत घेतलेले निर्णय तारखांप्रमाणे ओळीने मांडले, तर एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. विषाणू एकच होता, वैद्यकीय माहिती सर्वांना जवळपास सारखीच उपलब्ध होती आणि मोठ्या कॉन्फरन्सनी आपापल्या वैद्यकीय समित्याही नेमलेल्या होत्या. तरीही ८ जुलैला आयव्ही लीगने (हार्वर्डसह ईशान्येकडील आठ विद्यापीठे) शरद ऋतूतील सर्व स्पर्धांवर फुली मारली, ११ ऑगस्टला बिग टेन (मुख्यतः मध्य-पश्चिमेतील) आणि पॅक-१२ (पश्चिमेकडील) यांनी हंगाम पुढे ढकलला, आणि एसईसी (आग्नेयेकडील राज्यांची), एसीसी (मुख्यतः अटलांटिक किनाऱ्याची) व बिग १२ (टेक्सास व मध्य भागातील) या तिघी मात्र खेळण्यावर ठाम राहिल्या. हा फरक कोठून आला, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

रचना अपरिचित असणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट असतो (२०२० मध्ये साधारण आठ ते चौदांचा), आणि सामन्यांचे वेळापत्रक, दूरचित्रवाणीचे करार व त्यातून येणाऱ्या पैशांची वाटणी बहुतांशी त्याच्याच हाती असते. एनसीएए ही राष्ट्रीय संस्था मार्चमधील बास्केटबॉलची मोठी स्पर्धा भरवते आणि १२ मार्च २०२० रोजी तिने ती रद्दही केली. परंतु सर्वोच्च पातळीवरील फुटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद (येथे सर्वत्र अमेरिकी फुटबॉलच अभिप्रेत आहे) तिच्या अखत्यारीत येतच नाही. त्यामुळे मार्चमध्ये सगळा देश एकदम थांबला, आणि ऑगस्टमध्ये मात्र सर्वांना थांबवू शकेल असे कोणी उरले नव्हते. माझे म्हणणे असे आहे की या पोकळीत प्रत्येक कॉन्फरन्सने आपण कोणाला उत्तर देणे लागतो, हे उघड केले.

आयव्ही लीग सर्वांत आधी थांबली यात नवल नाही. १० मार्चला तिने आपली बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली तेव्हा तिच्याच खेळाडूंनी निषेधाची याचिका काढली, आणि दोन दिवसांत सगळ्यांना तीच वाट धरावी लागली. या आठ विद्यापीठांत क्रीडा शिष्यवृत्ती दिली जात नाही, त्यांचे फुटबॉल संघ त्या काळी हंगामानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरत नसत, आणि अंतिम शब्द विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या मंडळाचा असतो. खेळ हा शिक्षणाचाच एक भाग आहे, असे म्हणणारी विद्यापीठे पुष्कळ आहेत. वर्ग ऑनलाइन भरत असतील तर मैदानावर सामना भरवता येणार नाही, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ आयव्हीने घेतला आणि नोव्हेंबरमध्ये हिवाळी स्पर्धाही रद्द केल्या.

दुसऱ्या टोकाला एसईसी होती. तिचे कमिशनर (कॉन्फरन्सचे प्रमुख अधिकारी) ग्रेग सँकी यांनी जुलै संपेपर्यंत वाट पाहिली आणि ३० तारखेला जाहीर केले की प्रत्येक संघ दहा सामने खेळेल, तेही आपापसांतच, आणि सुरुवात २६ सप्टेंबरला होईल. अलाबामा, मिसिसिपी, आर्कान्सा या राज्यांत व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. शनिवारचा सामना हाच तेथील सामाजिक जीवनाचा कणा आहे, आणि गव्हर्नरांपासून विश्वस्तांपर्यंत निर्णय घेणारी माणसे त्याच प्रेक्षकांतून आलेली असतात. तेथे खेळावे की नाही हा प्रश्न फार काळ टिकलाच नाही. कसे खेळावे, एवढाच उरला. सप्टेंबरच्या मध्यास लुइझियाना स्टेटचे प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी पत्रकारांना सांगितले की आपल्या बहुतेक खेळाडूंना लागण होऊन गेली आहे आणि ती पुन्हा होणार नाही अशी आशा आहे. संघ आता तयार आहे, असा त्यांचा सूर होता. १० ऑक्टोबरला टेक्सास ए अँड एमकडून हरल्यावर फ्लोरिडाचे प्रशिक्षक डॅन मलन यांनी पुढच्या सामन्याला नव्वद हजारांचे मैदान भरून टाकावे अशी जाहीर मागणी केली. त्यानंतर आठवडाभरात त्यांच्या संघात साथ पसरली, लुइझियाना स्टेटविरुद्धचा सामना लांबला आणि मलन स्वतःही बाधित निघाले.

मला सर्वांत रंजक वाटते ती बिग टेन, कारण तिच्यात ही दोन्ही टोके एकाच घरात नांदतात. तिच्या तेव्हाच्या चौदा सदस्यांपैकी तेरा विद्यापीठे देशातील अग्रगण्य संशोधन विद्यापीठांच्या संघटनेत होती. मिशिगनचे अध्यक्ष मार्क श्लिसेल हे रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक, तर मिशिगन स्टेटचे अध्यक्ष सॅम्युएल स्टॅन्ली हे संसर्गजन्य रोगांचे. अशा मंडळात शंकेचा फायदा विषाणूला दिला जाणार, हे उघड होते. पण त्याच कॉन्फरन्समध्ये लाखभर प्रेक्षकांची मैदानेही आहेत. अध्यक्षांनी ११ विरुद्ध ३ मतांनी हंगाम पुढे ढकलला. ओहायो स्टेट, आयोवा आणि नेब्रास्का विरोधात होते. हा आकडादेखील कॉन्फरन्सने आपणहून सांगितला नाही, नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली तेव्हा तो बाहेर आला. ओहायो स्टेटचा खेळाडू जस्टिन फील्ड्स याच्या, हंगाम खेळवा अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर तीन लाखांहून अधिक सह्या झाल्या, १ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कमिशनर केव्हिन वॉरन यांना दूरध्वनी केला, आणि १६ सप्टेंबरला तोच निर्णय एकमताने फिरवण्यात आला.

पेठेतला_वाचक

लेख आवडला. मी पुण्यात बसून हा खेळ केवळ बातम्यांतून पाहतो, त्यामुळे एक प्राथमिक शंका विचारतो. निर्णय महिनाभरात फिरला, तो प्रेक्षकांच्या आणि राजकारण्यांच्या दबावामुळे फिरला की या काळात वैद्यकीय परिस्थितीत खरोखर काही बदल झाला होता? पहिले कारण खरे असेल तर बिग टेनच्या वैज्ञानिक संस्कृतीविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते तिने स्वतःविषयी रंगवलेले चित्र ठरते.

स्टेथोस्कोप

या शंकेला वैद्यकीय बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. बदल झाला होता, आणि तो चाचण्यांत होता. ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेतील चाचणीचा निकाल यायला काही वेळा कित्येक दिवस लागत असत. सप्टेंबरात जलद अँटिजेन चाचण्या मोठ्या प्रमाणावर मिळू लागल्या आणि प्रत्येक खेळाडूची रोज चाचणी करणे शक्य झाले. पॅक-१२ ने ३ सप्टेंबरला क्विडेल कंपनीशी असाच करार जाहीर केला होता. त्यामुळे निर्णय बदलायला सांगण्याजोगे कारण होते. दबाव नसता तर ते कारण इतक्या तातडीने सापडले असते का, याविषयी मात्र मला शंका आहे.

दुसरा मुद्दा हृदयाचा. सप्टेंबरात ओहायो स्टेटच्याच संशोधकांनी लागण होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाचे एमआरआय तपासून चौघांत हृदयस्नायूला सूज असल्याच्या खुणा दाखवल्या. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी निरोगी खेळाडूंचा गट नव्हता. हाच निबंध एसईसीच्या डॉक्टरांनीही वाचला आणि बिग टेनच्याही. एसीसीच्या वैद्यकीय समितीचे प्रमुख, ड्यूक विद्यापीठाचे कॅमरॉन वुल्फ, यांचे मत असे होते की धोका शून्यावर आणता येणार नाही, पण तो आटोक्यात ठेवून खेळता येईल. बिग टेनने परत येताना बाधित खेळाडूला किमान २१ दिवस सामन्यापासून दूर ठेवले आणि हृदयाचा एमआरआय सक्तीचा केला, तर इतरत्र दहा दिवसांच्या विलगीकरणानंतर खेळाडू परतू शकत होते. पुढे बिग टेनच्या तेरा विद्यापीठांनी आपल्या १,५९७ खेळाडूंच्या तपासण्या एकत्र करून प्रसिद्ध केल्या, त्यात ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्क्यांत, ही सूज आढळली. पहिल्या अभ्यासातील प्रमाणापेक्षा हे पुष्कळ कमी आहे, पण एमआरआय सक्तीचा नसता तर हा आकडा कोणालाच कळला नसता. संस्कृती म्हणायचीच असेल तर मी याला म्हणेन: पाऊल मागे घ्यावे लागले, तरी त्यातूनही त्यांनी नोंदी ठेवल्या.

हिशेबनीस

संस्कृती, संस्कृती असे म्हणत आपण पैशांना फारच सभ्य वेष चढवत आहोत, असे मला वाटते. हार्वर्डकडे त्या वर्षी सुमारे ४० अब्ज डॉलरचा निधी होता. एका हंगामाचे तिकिटांचे उत्पन्न बुडाल्याने तिचे काय बिघडणार होते? ज्याचे पोट भरलेले आहे, त्याला उपवासाचे पुण्य स्वस्तात पडते. उलट बाजू पाहा. बास्केटबॉलची स्पर्धा रद्द झाल्यामुळे एनसीएएने सदस्यांना ६० कोटी डॉलरऐवजी साडेबावीस कोटी वाटले. बिग टेनने हंगाम पुढे ढकलल्यावर दहा दिवसांत आयोवाने पोहणे, टेनिस, जिम्नॅस्टिक्स यांतील चार संघ बंद करण्याची घोषणा केली. स्टॅनफर्डने तर जुलैमध्येच अकरा खेळ बंद करण्याचे ठरवले होते, तो निर्णय पुढच्या मे महिन्यात मागे घेतला गेला. फुटबॉलच्या पैशांवर पोहणारा आणि धावणारा प्रत्येक विद्यार्थी अवलंबून असतो, आणि दूरचित्रवाणीचा करार हाच सगळ्या निर्णयांचा पाया असतो. सामने झाले नाहीत तर पैसे नाहीत, म्हणून सामने झाले. यात दक्षिणेची संस्कृती वगैरे शोधण्याची गरज नाही.

वळणवाट

हिशेबनीस, पैशांचा मुद्दा मान्य आहे, पण त्याने सगळे उलगडत नाही. बिग टेनचे दूरचित्रवाणीचे उत्पन्न एसईसीच्या तोडीचे होते, किंबहुना त्या काळात अनेकदा अधिकच. केवळ पैसा निर्णायक असता तर ११ ऑगस्टला सर्वांत आधी 'आम्ही खेळणार' असे बिग टेनने म्हणायला हवे होते. दुसऱ्या बाजूला मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, म्हणजे मॅक, ही सर्वोच्च पातळीवरील गरीब कॉन्फरन्सपैकी एक. तिने ८ ऑगस्टलाच हंगाम पुढे ढकलला आणि या पातळीवर तसे करणारी ती पहिली ठरली. बड्या संघांकडे पाहुणे म्हणून खेळायला जाऊन मिळणारी रक्कम बड्यांनी वेळापत्रक आवळल्याने आधीच बुडाली होती आणि चाचण्यांचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणजे एकीकडे श्रीमंती थांबवते, दुसरीकडे गरिबीही थांबवते, आणि सारख्याच श्रीमंत अशा दोघींपैकी एक थांबते व दुसरी खेळते.

पीचट्रीवरून

मी अटलांटात राहते आणि मला या चर्चेत एक मोठी उणीव जाणवते, ती म्हणजे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांची. येथील मूरहाउस कॉलेजने २६ जूनलाच, म्हणजे आयव्ही लीगच्याही आधी, आपला फुटबॉल हंगाम रद्द केला. एमईएसी आणि एसडब्ल्यूएसी या कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या दोन प्रमुख कॉन्फरन्सनी जुलैच्या मध्यास चार दिवसांच्या अंतराने शरद ऋतूतील खेळ थांबवले. या संस्थांकडे हार्वर्डसारखा निधी नाही. शिष्यवृत्त्या आहेत, वाद्यवृंद आहेत, माजी विद्यार्थ्यांचे वार्षिक मेळावे आहेत आणि त्यांच्याही समाजजीवनात फुटबॉलला तेवढेच स्थान आहे. तेव्हा हिशेबनीस यांचे गणित येथे बसत नाही आणि 'दक्षिणेला फुटबॉल प्राणाहून प्रिय' हे सूत्रही येथे बसत नाही, कारण ही विद्यापीठेही प्रामुख्याने दक्षिणेतच आहेत.

फरक अनुभवाचा होता. त्या वसंत ऋतूत कृष्णवर्णीय समाजात मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त होते. ज्या विद्यार्थ्याच्या घरातले कोणी दगावले आहे, त्याला मैदानावर उतरवण्याचा निर्णय घेणारे अध्यक्षही त्याच समाजातले होते. मूरहाउसपासून काही किलोमीटरवर जॉर्जिया टेक आहे. एसीसीचा सदस्य असलेला हा संघ १२ सप्टेंबरला खेळायला उतरलाही. एकच शहर, एकच महापौर, रुग्णालयेही तीच, आणि दोन संस्थांनी दोन दिशा धरल्या.

जाता जाता एक नोंद करते. १९१८ च्या फ्लूच्या साथीत जॉर्जिया टेकच्या याच ग्रँट फील्ड मैदानावर काढलेले एक छायाचित्र २०२० मध्ये पुष्कळ फिरले. त्यात प्रेक्षक मुखपट्टी बांधून दाटीवाटीने बसलेले दिसतात. खेळायचे आणि पाहायचे, पण तोंड झाकून, ही तडजोड येथे शंभर वर्षांपूर्वीही झालेली होती.

पेठेतला_वाचक

पीचट्रीवरून यांचा प्रतिसाद वाचून माझी शंका पुष्कळशी फिटली. एसडब्ल्यूएसीने हंगाम पूर्ण रद्द केला होता का?

पीचट्रीवरून

नाही, तिने तो २०२१ च्या वसंत ऋतूत आखडता घेऊन खेळवला. माजी व्यावसायिक खेळाडू डिऑन सँडर्स यांचा प्रशिक्षक म्हणून, याच कॉन्फरन्समधील जॅक्सन स्टेटकडील पहिला सामना त्यामुळेच फेब्रुवारीत झाला. एमईएसीने मात्र वसंत ऋतूतील फुटबॉलचा बेतही पुढे सोडून दिला.

लिंकनकर

नेब्रास्काची बाजू येथे कोणी मांडणार नाही, म्हणून मीच मांडतो. या राज्यात व्यावसायिक संघ कोणत्याच मोठ्या खेळात नाही आणि १९६२ पासून विद्यापीठाच्या मैदानाची सर्व तिकिटे विकली जात आलेली आहेत. प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांनी बिग टेन खेळत नसेल तर आम्ही इतरत्र सामने शोधू, असे उघड सांगितले तेव्हा देशभर त्यांच्यावर टीका झाली. येथे मात्र ते घराघरातले मत होते. मूळ धाग्यात म्हटले आहे की चौदापैकी तेरा विद्यापीठे त्या संशोधन संघटनेत होती. चौदावे म्हणजे आमचे, ज्याला २०११ मध्ये तेथून वगळण्यात आले, आणि त्याच वर्षी ते बिग टेनमध्ये आले. स्वभावाने ते आजही जुन्या बिग १२ चेच आहे, असे मला येथे राहून वाटते.

ऑक्टोबरच्या शेवटी हा स्वभावभेद स्पष्ट दिसला. विस्कॉन्सिनच्या संघात साथ पसरल्याने त्यांचा आमच्याविरुद्धचा सामना रद्द झाला. आमच्या लोकांनी लगेच कॉन्फरन्सबाहेरच्या चॅटनूगाच्या संघाला बोलावण्याची तयारी केली आणि कॉन्फरन्सकडे परवानगी मागितली, ती नाकारली गेली. तुम्हाला यात उतावीळपणा दिसेल. मला असे दिसते की ज्यांच्या संघात कोणीही बाधित नव्हते, त्यांनाही शेजाऱ्याच्या नियमाने घरी बसवले गेले.

सॅनहोझेची_खिडकी

पश्चिम किनाऱ्याचा उल्लेख आतापर्यंत ओझरताच झाला आहे. पॅक-१२ च्या बाबतीत कॉन्फरन्सची संस्कृती आणि राज्याचा कायदा वेगळे काढता येत नाहीत. कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण संघाने एकत्र सराव करण्यालाच स्थानिक आरोग्य नियमांचा अडथळा होता; कमिशनर लॅरी स्कॉट यांना खेळावेसे वाटले असते तरी मैदान मिळाले नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे खेळाडू सर्वांत आधी संघटित बोलले. २ ऑगस्टला 'वुई आर युनायटेड' या नावाने पॅक-१२ च्या खेळाडूंनी निवेदन काढले आणि आरोग्याच्या हमीबरोबर वांशिक न्याय आणि उत्पन्नातील निम्मा वाटा यांचीही मागणी केली. आठवडाभराने क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि इतरांनी 'वुई वाँट टू प्ले' ही मोहीम सुरू केली आणि एका रात्रीत दोन्ही गटांनी मिळून एकच पत्रक काढले, ज्यात खेळाडूंच्या संघटनेची मागणी होती. पुढे माध्यमांत खेळण्याची मागणी तेवढी गाजली आणि संघटनेची मागणी मागे पडली, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

पुढे पॅक-१२ ही खेळू लागली, पण नोव्हेंबरच्या शेवटी स्टॅनफर्ड जेथे आहे त्या सँटा क्लारा काउंटीने शारीरिक संपर्काच्या सर्व खेळांवर बंदी घातली. स्टॅनफर्डचा फुटबॉल संघ त्यानंतर घरी परतलाच नाही. उरलेले सामने त्याने वॉशिंग्टन व ओरेगॉन या राज्यांत आणि लॉस एंजेलिसजवळ जाऊन खेळले. महिलांचा बास्केटबॉल संघ दोन महिन्यांहून अधिक काळ हॉटेलांत राहिला, सँटा क्रूझमधील एका मैदानाला घरचे मैदान मानून खेळला, आणि ४ एप्रिल २०२१ रोजी अॅरिझोनाला ५४–५३ असे हरवून राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच हिवाळ्यात कॅलिफोर्नियाने खेळाडूंच्या कुटुंबीयांनाही मैदानात येण्याची परवानगी नाकारली, म्हणून पासाडेनाचा रोझ बोल, म्हणजे त्या वर्षीच्या राष्ट्रीय उपांत्य फेरीचा सामना, टेक्ससमधील आर्लिंग्टन येथे हलवला गेला. तेथे अलाबामाने नोटर डेमला हरवले, आणि तेही प्रेक्षकांसमोर.

हिशेबनीस

मॅक आणि मूरहाउस या दोन उदाहरणांनी माझे विधान सैल केले, हे मान्य करतो. परंतु बिग टेनला एवढे वैज्ञानिक प्रमाणपत्र देण्याआधी ९ डिसेंबरचा निर्णय आठवावा. अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले असले पाहिजेत, असा त्यांचाच नियम होता. मिशिगनच्या संघात साथ पसरल्याने १९१७ नंतर प्रथमच ओहायो स्टेट–मिशिगन सामना झाला नाही आणि ओहायो स्टेटची मोजणी पाचावर थांबली. तेव्हा नियमच बदलण्यात आला. ओहायो स्टेटने नॉर्थवेस्टर्नला २२–१० असे हरवले, मग क्लेमसनलाही हरवले, आणि ११ जानेवारीला अलाबामाकडून ५२–२४ असा मार खाल्ला. राष्ट्रीय स्पर्धेत कॉन्फरन्सचा संघ असणे म्हणजे पैसा, हे वेगळे सांगायला नको.

लिंकनकर

आणि चॅटनूगाच्या वेळी नियमावर बोट ठेवणारे हेच लोक होते.

वळणवाट

तो निर्णय समर्थनीय नव्हता, हे खरेच. मला त्यात एवढेच दिसते की ऑगस्टमध्ये अध्यक्षांच्या हाती असलेली सूत्रे डिसेंबरात क्रीडासंचालकांच्या हाती गेलेली होती. नियम तसाच राहिला असता तर पूर्व विभागातून इंडियानाचा संघ अजिंक्यपदासाठी खेळला असता. सहा विजय आणि एकच पराभव, तोही ओहायो स्टेटकडून, अशी त्यांची नियमित हंगामातील कामगिरी होती, आणि त्यांचा पर्ड्यूविरुद्धचा शेवटचा सामनाही साथीमुळे दोनदा रद्द झाला.